कानात घालावयाच्या थेंबांचा सुरक्षित व योग्य वापर : घोटी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : कर्णथेंब, कानाचा पडदा, कान वाहणे, बुरशी, बालश्रवण, घोटी

प्रस्तावना :

घोटी ही इगतपुरी तालुक्यातील भाताची मोठी बाजारपेठ. सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला, नांदगाव भागात मात्र तो ५००-६०० मिलिमीटरच्या घरात राहतो. पावसाळ्याचे चार महिने येथील माणूस ओल्या कपड्यांत आणि ओल्या डोक्याने वावरतो. आवणीच्या दिवसांत इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पाठीवर घेऊन चिखलात राबणाऱ्या स्त्रिया, ओहोळात डुंबणारी मुले, भिजत शाळेत येणारे विद्यार्थी यांच्या कानात पाणी जाणे ही इतकी नित्याची बाब आहे की तिची कोणी तक्रार करीत नाही. तक्रार सुरू होते ती कान ठणकू लागल्यावर, वाहू लागल्यावर किंवा त्याला दडा बसल्यावर. मग फळीवरची एखादी बाटली खाली येते. ती बहुधा घरातील दुसऱ्याच कोणाच्या तरी गेल्या वर्षीच्या दुखण्यातून उरलेली असते.

कानाची बाटली म्हणून जी वस्तू घरात ओळखली जाते, ती वस्तुतः एक नसते. मळ मऊ करणारे थेंब वेगळे, जंतुनाशक वेगळे, बुरशीवरचे वेगळे आणि केवळ ठणका बधिर करणारे वेगळे. एका दुखण्यात उपयोगी पडलेले औषध दुसऱ्या दुखण्यात निरुपयोगी, प्रसंगी घातक ठरते. थेंब कानात घालण्यापूर्वी दुखणे कोणते आहे आणि कानाचा पडदा शाबूत आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. ही उत्तरे कानात दिवा टाकून पाहिल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यावी लागतात. त्यानंतरचे काम, म्हणजे लिहून दिलेला थेंब नेमक्या जागी पोहोचविणे, घरच्या माणसाचे असते. ते काम नीट कसे करावे आणि तसेच का करावे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक प्राणिशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे विवेचनाचा भर कानाच्या रचनेवर राहिला आहे. निदान व औषधयोजना हा त्याचा विषय नव्हे.

कानाची रचना आणि थेंबाचा मार्ग :

प्रौढ माणसाची बाह्यकर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा असतो. ही नळी सरळ नसून तिला हलकासा नागमोडी बाक आहे. धूळ, किडे आणि बोटे यांपासून पडद्याचे रक्षण करण्यास हा बाक उपकारक आहे, परंतु औषधाला तोच अडथळा ठरतो. मान ताठ ठेवून, आरशासमोर उभे राहून घातलेला थेंब बाकाच्या अलीकडेच रेंगाळतो आणि काही क्षणांत गालावर ओघळतो. खाली साचलेली हवा वर येऊ शकली नाही तरीही थेंब आत सरकत नाही. थेंब कानात पडला म्हणजे तो पोहोचला, असे नव्हे.

नळीच्या टोकाशी पडदा, त्यापलीकडे मध्यकर्णाची पोकळी आणि तिच्याही आत अंतःकर्ण अशी ही रचना आहे. पडदा अखंड असेल तर बाहेरून घातलेले औषध मध्यकर्णात जात नाही. ही गोष्ट साधी असूनही तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. सर्दीपडशानंतर लहान मूल रात्री कान धरून रडते, तेव्हा दुखणे बहुधा पडद्याच्या आतल्या बाजूस असते. अशा वेळी जंतुनाशक थेंबांची बाटली रिकामी केली तरी औषध दुखण्याच्या जागी पोहोचत नाही. तेथे उपयोग होतो तो डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेल्या पोटातील औषधाचा. दाढेचे किंवा घशाचे दुखणेही कानात जाणवते. तेव्हा कान निर्दोषच असतो आणि थेंबांना तेथे काहीच काम नसते.

पडद्याचा प्रश्न :

पू वाहू लागला की आपल्याकडे ‘कान फुटला’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग वैद्यकीय दृष्ट्याही बराचसा अचूक आहे. अनेकदा मध्यकर्णात साठलेला पू पडद्याला भोक पाडूनच बाहेर आलेला असतो. भाषेने जे ओळखले, ते उपचार करताना मात्र विसरले जाते, आणि फुटलेल्या कानात तेच तेल, तेच मळाचे औषध, तोच हायड्रोजन पेरॉक्साइड ओतला जातो.

पडद्याला भोक असताना औषध मध्यकर्णात उतरते आणि तेथून एका नाजूक पातळ पटलाद्वारे अंतःकर्णापर्यंत झिरपू शकते. निओमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या गटातील प्रतिजैविके अंतःकर्णातील केशपेशींना अपायकारक ठरू शकतात. मानवाच्या प्रत्येक कर्णावर्तात अशा सुमारे १५,००० केशपेशी असतात आणि त्या नष्ट झाल्यास पुन्हा निर्माण होत नाहीत. (पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात कोंबडीच्या पिलांवरील संशोधनातून दिसून आले. सस्तन प्राण्यांच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही.) ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातील थेंबांचा असा विषारी परिणाम आढळत नसल्याने पडदा फाटलेला असताना डॉक्टर सहसा त्यांची निवड करतात. आपल्या औषध दुकानांत मात्र निओमायसिन, बुरशीनाशक, स्टेरॉइड आणि बधिर करणारे औषध अशी चौघांची मोट बांधलेले थेंब सर्रास मिळतात. प्रतिजैविके अनुसूची ‘एच’ मध्ये मोडतात, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ‘कान दुखतो आहे, काहीतरी द्या’ एवढ्या मागणीवर बाटली हातात पडते, हे वास्तव आहे. निदान बाटलीवरील घटक दुकानदाराकडून वाचून घ्यावेत आणि कान पूर्वी कधी वाहिला असल्यास ते आवर्जून सांगावे.

पडद्याला भोक असल्याची एक खूण घरीही लक्षात येऊ शकते. थेंब घातल्यावर थोड्याच वेळात घशात औषधाची कडू चव आली, तर औषध मध्यकर्णातून कंठकर्णनलिकेवाटे घशात उतरले असे समजावे. ही बाब डॉक्टरांना कळविणे आवश्यक आहे.

पडदा फाटण्याचे आणखी एक कारण शिक्षक म्हणून नोंदविणे भाग आहे. कानशिलात लगावलेल्या थपडेने कानातील हवेचा दाब एकाएकी वाढून पडदा फाटू शकतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई आहे. घरात मात्र ‘कानाखाली वाजविणे’ अजून शिस्तीचाच भाग मानले जाते. अशा माराने कान दुखू लागल्यास किंवा कमी ऐकू आल्यास त्यात काहीही न घालता तो कोरडा ठेवावा आणि तपासून घ्यावा.

थेंब घालण्याची रीत :

सर्वप्रथम हात साबणाने धुवावेत. बाटलीवरील नाव, टक्केवारी आणि मुदत उजेडात वाचावी. औषध गढूळ द्रवाच्या स्वरूपात असेल तर ते हलवून घ्यावे.

त्यानंतर बाटली बंद मुठीत दोन-तीन मिनिटे धरून अंगाइतकी कोमट करावी. या पायरीला पुष्कळजण निव्वळ सोय समजतात, परंतु तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिकांत तोल सांभाळणारा द्रव असतो. कानात थंड किंवा फार गरम द्रव गेला की तापमानातील फरकाने या द्रवात प्रवाह निर्माण होतात आणि अंग स्थिर असतानाही मेंदूला ते फिरत असल्याचा संदेश जातो. परिणामी भोवळ येते, मळमळते, डोळे एका लयीत हलू लागतात. व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी यांनी रुग्णांचे कान धुताना पाण्याच्या तापमानाचा हा परिणाम हेरला. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावरील संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. घोटीच्या थंडीत फळीवरची बाटली बर्फासारखी गार झालेली असते. तिच्यातील थेंब थेट कानात घालून लगेच उठणारी वृद्ध व्यक्ती तोल जाऊन पडू शकते. मात्र बाटली चुलीजवळ ठेवणे किंवा उकळत्या पाण्यात बुडविणेही तितकेच चुकीचे आहे. औषध बिघडते आणि कान भाजतो.

कान वाहत असेल तर आधी तो कोरडा करणे ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी पायरी होय. पुवाने भरलेल्या नळीत औषधाला जागाच नसते. स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची किंवा कापसाची सैल वात वळून ती हलकेच नळीच्या तोंडाशी ठेवावी, भिजली की काढून नवी घालावी, आणि वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. वात आत खुपसू नये, तसेच काम झाल्यावर कानात ठेवून देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरोग मार्गदर्शनानुसार चौदा दिवस किंवा त्याहून अधिक काळ वाहणारा कान हा जुनाट विकार मानला जातो. त्यावर दिवसातून तीन वेळा असे वातीने टिपणे आणि त्यानंतर क्विनोलोन गटातील थेंब दोन आठवडे घालणे, हा उपचार सुचविलेला आहे. यातील टिपण्याच्या कामाला दमडीही पडत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याला कोणी औषध मानीत नसावे.

आता रुग्णाला दुसऱ्या कुशीवर निजवावे, म्हणजे दुखरा कान वर येईल. प्रौढांच्या कानाची पाळी वरच्या भागास धरून वर आणि मागे ओढावी. नळीचा बाक त्यामुळे सरळ होतो. बाटलीचे टोक कानाला न लावता सांगितले असतील तेवढेच थेंब नळीच्या भिंतीवरून सोडावेत, म्हणजे आतील हवेला बाहेर पडण्यास वाट राहते. त्यानंतर कानाच्या भोकासमोर जो कूर्चेचा छोटा उंचवटा असतो, तो बोटाने चार-पाच वेळा हलका दाबावा. या दाबाने औषध पंपासारखे आत ढकलले जाते. मग तीन ते पाच मिनिटे त्याच कुशीवर पडून राहावे. दुसऱ्या कानातही औषध घालायचे असल्यास हा वेळ संपल्यावरच कूस बदलावी. लगोलग कापसाचा बोळा कोंबला की निम्मे औषध तोच पिऊन टाकतो. बाहेर आलेला ओघळ रुमालाने टिपणे पुरेसे आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते आधी काढावे व कान कोरडा झाल्यावरच लावावे. किंचित चुरचुर सुरुवातीस होऊ शकते. तीव्र आग, पुरळ, न थांबणारी भोवळ किंवा कानात नव्याने सुरू झालेला गुणगुण आवाज ही मात्र औषध थांबवून विचारणा करण्याची कारणे आहेत. बरे वाटू लागले म्हणून दुसऱ्या दिवशी बाटली बाजूला ठेवू नये, आणि बरे वाटत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे ती चालूही ठेवू नये.

लहान मुलांच्या बाबतीत :

तीन वर्षांखालील मुलाच्या कानाची पाळी वर नव्हे, तर खाली आणि मागे ओढावयाची असते. या वयात नळीचा हाडाचा भाग पुरता तयार झालेला नसतो आणि पडदाही अधिक आडवा असतो. त्यामुळे नळी सरळ करण्याची दिशा बदलते. मोठ्यांच्या सवयीने पाळी वर ओढली तर मूल कळवळते आणि औषधही आत जात नाही. रडणाऱ्या, डोके झटकणाऱ्या मुलाच्या कानात एकट्याने थेंब घालण्याचा प्रयत्न करू नये. एकाने मुलाला मांडीवर आडवे घेऊन त्याचे डोके छातीशी स्थिर धरावे आणि दुसऱ्याने थेंब घालावेत. झोपेत गुपचूप थेंब टाकण्याची युक्ती टाळलेलीच बरी. मूल दचकून उठते आणि टोक कानाला लागते.

लहान मुलांची कंठकर्णनलिका आखूड, रुंद आणि आडवी असल्याने घशातील जंतू मध्यकर्णात सहज जातात. आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे टाळावे, असे सांगतात ते याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार बालवयातील जवळजवळ ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, आणि कानाचे संसर्ग त्या कारणांपैकी एक आहेत. वर्गात मागच्या बाकावर बसून प्रश्नाला उत्तर न देणारे मूल ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी त्याचा कान वाहतो काय, हे पाहणे शिक्षकाला सहज शक्य आहे.

तेल आणि लसूण :

कानात औषधी तेल भरण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ विकार सांगितलेले असून उपचारांत कर्णपूरणाचा समावेश आहे. तथापि तेथे वाहणाऱ्या कानासाठी पुसणे, धुणे व धुरी देणे हेही उपाय येतात. विकार पाहून उपाय निवडण्याचा विवेक त्या शास्त्रात आहे. घरोघरी उरले ते फक्त तेल. लसूण जाळून कडकडीत केलेले तेल ‘सोसवेल इतके’ गरम म्हणून ओतले जाते आणि नळीची त्वचा पोळते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना दोन्ही कानांत तेल सोडण्याच्या रीतीला तर कोणताही वैद्यकीय आधार नाही. तेलावर धूळ बसते, ओल टिकते आणि डॉक्टरांना पडदाही दिसत नाही. मराठीत डोळ्यांत तेल घालणारा जागरूक समजला जातो आणि कानात तेल घालून बसणारा बेपर्वा. वाक्प्रचाराचा अर्थ वेगळा असला तरी आरोग्यापुरता तो येथे शब्दशः लागू पडतो.

तेलाचा एक उपयोग मात्र खरा आहे. जिवंत किडा कानात शिरून फडफडू लागला आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर अंगाइतके कोमट खोबरेल तेल घालून तो मारता येतो. नंतर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. हरभरा, वाटाणा, भाताचा दाणा गेल्यास मात्र पाणी किंवा थेंब घालू नयेत, कारण दाणा फुगून घट्ट बसतो. खेळण्यातील बटणासारखा सेल गेला असेल तर कोणताही द्रव न घालता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. ओलावा मिळताच तो आतली त्वचा जाळू लागतो.

पावसाळ्यातील कान :

कानातला मळ हा घाण नसून संरक्षक थर आहे, आणि नळीची त्वचा तो आपोआप बाहेर सरकवीत असते. कानकोरणे, काडेपेटीची काडी, केसांची पिन ही साधने तो उलट आत ढकलतात. पाण्याने हा मळ फुगला की आंघोळीनंतर एकाएकी दडा बसतो. मळाचे थेंब घातल्यावर पहिले एक-दोन दिवस ऐकू येणे आणखी कमी होऊ शकते. मळ मऊ होताना फुगतो म्हणून तसे होते, घाबरून काडी घालू नये.

कोरून ओरखडलेल्या, ओल्या नळीत बुरशी वाढते. तिची मुख्य खूण म्हणजे ठणक्यापेक्षा अनावर खाज. आत राखाडी-पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. भिजलेल्या वर्तमानपत्राची उपमा डॉक्टर याला देतात. अशा कानात प्रतिजैविक व स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवले तर जंतू मरतात, बुरशी फोफावते, खाज वाढते आणि रुग्ण तीच बाटली आणखी जोमाने वापरतो. येथे प्रथम बुरशीचा थर काढावा लागतो आणि मगच बुरशीनाशक थेंबांचा उपयोग होतो. शेतातून आल्यावर डोके एका बाजूस कलते करून पाणी निथळू देणे आणि टॉवेलाच्या टोकाने बाहेरचाच भाग पुसणे, एवढी काळजी आवणीच्या दिवसांत कोणालाही घेता येईल.

बाटलीविषयी :

डोळ्यांच्या आणि कानांच्या थेंबांच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात. डोळ्यांसाठी केलेले काही थेंब डॉक्टर कानासाठी लिहून देतात, परंतु कानाचे थेंब डोळ्यांत कधीही घालू नयेत. मळाच्या औषधातील टर्पेंटाइनसारखे घटक डोळ्याला इजा करतात. तसे घडल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुऊन रुग्णालयात जावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि लेबलवर अन्य सूचना नसल्यास महिन्यानंतर ती टाकून द्यावी. एका रुग्णाची बाटली दुसऱ्याला वापरू नये.

तत्काळ तपासणीची गरज :

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे, ताप व मान आखडणे, एकाएकी ऐकू येईनासे होणे या लक्षणांत थेंबांवर विसंबून एक दिवसही काढू नये. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्री झोपू न देणारा ठणका आणि स्राव असेल तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते. घोटीतील ग्रामीण रुग्णालय, धामणगाव येथील एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय ही ठिकाणे या परिसराच्या आवाक्यात आहेत. केंद्र शासनाचा बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघर येथूनच झाला, आणि त्यातील तपासणीच्या यादीत मध्यकर्णाचा दाह व श्रवणदोष यांचा समावेश आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी कान वाहणाऱ्या मुलाला घरी न ठेवता पथकासमोर उभे करावे.

रुग्णालयात जाताना आजवर वापरलेल्या सर्व बाटल्या, तेलाची असली तरीही, सोबत न्याव्यात. कान सुकल्यावरही पडद्याचे भोक काही वेळा तसेच राहते, म्हणून स्राव थांबल्यानंतर एकदा पडद्याची व ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. भोक बुजेपर्यंत डोक्यावरून आंघोळ करताना कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा आणि ओहोळात बुडी मारू देऊ नये. भोक आपोआप बुजले नाही, तर शस्त्रक्रियेने पडदा सांधता येतो. ती कोणत्या वयात करावी, हे मुलाच्या श्रवणचाचणीचा आलेख पाहून कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरवितात.